दुपारी दोन ते तीनची गळती

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून ही वही. निमित्त असे की, माझा फोन आज दुपारी साडेतीनला, दवाखान्याच्या रांगेत, माझा नंबर यायला दोन माणसे उरली असताना मान टाकून मोकळा झाला. रक्ततपासणीचा अहवाल फोनमध्ये होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाखवा अहवाल." मी काळा पडदा पुढे केला. त्या म्हणाल्या, "यात तर काहीच दिसत नाही." मी म्हटले, "मलाही." मागची माणसे हसली.

सकाळी सहाला शंभर टक्के भरलेला फोन साडेतीनला शून्यावर येतो, याचा अर्थ एकच. गळती आहे. आणि गळती हा माझा प्रांत. चौतीस वर्षे मी वीजचोरी पकडणाऱ्या पथकात काढली. तारांवर टाकलेले आकडे, मीटरला चिकटवलेली चुंबके, भिंतीतून शेजाऱ्याकडे नेलेल्या वायरी, सगळे बघून झाले आहे. खात्याने परवानगी दिलेल्या विजेला मंजूर भार म्हणतात. त्याबाहेरचे सगळे चोरी. यात मधले काही नसते.

माझे सूत्र साधे होते. ते मी पथकातल्या प्रत्येकाकडून आणि घरातल्यांकडूनही पाठ करून घेतले होते: आधी सगळे बंद करा, मग चकती बघा. दिवे, पंखे, फ्रीज बंद केल्यावरही मीटरची चकती फिरत असेल, तर वीज कुठेतरी जाते आहे. ती कुठे जाते ते सापडेपर्यंत उठायचे नाही.

निवृत्त होऊन आठ महिने झाले. हा फोन निरोप समारंभात ऑफिसने दिलेला. त्यात चोर शिरावा म्हणजे हद्द झाली. हिला वही दाखवली. ही म्हणाली, "बरं झालं, तुम्हाला काहीतरी मिळालं."

३ सप्टेंबर, मंगळवार

वहीत रकाने आखले: वेळ, टक्के, काय केले, शेरा.

सकाळी सहा ते दुपारी दोन या आठ तासांत फोन शंभरवरून अठ्ठ्याहत्तरवर आला. ठीक. दोनला मी पुढच्या खोलीतल्या पलंगावर आडवा झालो. फोन समोरच्या टेबलावर. तीनला उठून बघतो तो एकेचाळीस. म्हणजे आठ तास वापरून बावीस टक्के आणि एक तास न वापरता सदतीस! वर फोन चांगला गरम.

हिला विचारले. ही म्हणाली, "उन्हानं तापला असेल." त्या टेबलावर ऊन येत नाही. पण हिला शास्त्र शिकवण्यात अर्थ नाही.

हिच्यावर संशय का नाही, तेही लिहून ठेवतो, तपास रीतसर व्हायला हवा. एक, हिला कमी ऐकू येते. डाव्या कानाने मुळीच नाही आणि उजव्याने निवडक. समोरच्याचे ओठ दिसले की सगळे कळते, पण नुसत्या आवाजाचे काही कळत नाही. हिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यावर ही कोणालाही "हो, हो, बरं" म्हणते आणि ठेवून देते. म्हणून तर हिला मोठा फोन घेतला नाही. जिला ऐकूच येत नाही तिला कशाला? दोन, माझ्या फोनला सहा आकडी पासवर्ड आहे, मी नोकरीवर रुजू झालो ती तारीख. कोणाच्या बापाला सुचणार नाही. शिवाय फोन उघडताना मी आकडे मोठ्याने म्हणत नाही, नुसते ओठ हलतात. तीन, मी स्वतः तिथेच, चार पावलांवर असतो. मला दुपारी गाढ झोप लागत नाही. डोळे मिटून पडलेला असतो इतकेच.

यावर हिचे म्हणणे, मी घोरतो. "तुला कसं ऐकू आलं?" असे विचारले तर म्हणे, "ऐकू कशाला यायला हवं? पलंग हलतो." एकतीस वर्षांच्या संसारात हा आरोप मी मान्य केलेला नाही. पुढेही करणार नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला. अर्ध्या तासात बावीस उत्तरे आली, त्यांतली दोन एकमेकांशी जुळतील तर शपथ. फोन कधीही ऐंशीच्या वर भरू नका. नेहमी शंभरच भरा. आठवड्यातून एकदा शून्यावर येऊ द्या. वीसच्या खाली गेला की बॅटरी गेलीच म्हणून समजा. पडदा काळा करा, उजेड कमी करा, ठिकाण दाखवणारे बंद करा, थरथरणे बंद करा, सूचना बंद करा. आमचे जुने खजिनदार म्हणाले, तासभर फ्रीजमध्ये ठेवा, त्यांच्या साडूचा फोन तेव्हापासून तीन दिवस चालतो. एकाने नुसते गुलाबाचे चित्र पाठवले.

मी कोणाचेच मन मोडले नाही. सगळे केले.

पडद्यावर आता इतका अंधार आहे की नावे चाचपडत शोधावी लागतात. न्हाव्याला फोन करायचा होता, तो माझ्या जुन्या साहेबांना लागला. "केस कापायला आत्ता मोकळे आहात का?" असे मी त्यांना विचारले. साहेबांना टक्कल आहे.

फ्रीजमधला फोन हिला दुधाच्या पातेल्याशेजारी सापडला. हिने तो पदराने पुसून टेबलावर ठेवला. तेव्हा दोन वाजायला पाच मिनिटे होती. तीनला पुन्हा अडतीस टक्के गायब.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज सूत्राप्रमाणे एकूण एक गोष्ट बंद केली. तरी दुपारी दोन ते तीनमध्ये छत्तीस टक्के गेले. चकती फिरते आहे!

मग फोनमध्येच एक पान सापडले, कोणी किती बॅटरी खाल्ली ते सांगणारे. म्हणजे मीटरच म्हणायचा. तिथे सगळ्यांत वर व्हिडिओ कॉलचे अ‍ॅप. बावन्न मिनिटे, तीही नेमकी दोन ते तीनमधली. मी जन्मात एकच व्हिडिओ कॉल केला आहे, तोही चुकून. समोरच्याला सात मिनिटे माझा कान दिसत होता. तेव्हा हे अ‍ॅप कोणी न वापरता आपले आपण चालते आहे, हे उघड झाले. सरळसरळ आकडा टाकलेला. तिथल्या तिथे काढून टाकले.

हिच्यासमोर जाऊन, तोंड दिसेल असे उभे राहून सांगितले, "चोर सापडला. व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप. मुळासकट उपटलं." हिच्या हातातले झाकण पडले. "काय झालं?" "निसटलं," ही म्हणाली. जरा वेळाने पुन्हा आली आणि म्हणाली, "बॅटरी फुगली नाही ना, ते बघितलंत? फुगली की मागचं झाकण उचललं जातं. आणि चार्जिंगचं भोक टाचणीनं कोरू नका. लाकडी काडीनं करावं."

बायकांच्या मासिकांत हल्ली काहीही छापून येते.

७ सप्टेंबर, शनिवार

अ‍ॅप परत आले! जागच्या जागी, काही झालेच नाही असे. दोन ते तीन, पस्तीस टक्के.

मी आडवा असताना शेजारच्या शिक्षिकाबाई येऊन गेल्या असाव्यात, ओट्यावर दोन कप होते. त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही. नोंद केवळ पूर्णतेसाठी.

९ सप्टेंबर, सोमवार

बाजारातल्या मोबाइलवाल्याकडे गेलो. माणूस कपाळावर भिंग बांधून बसलेला. वही त्याच्यापुढे उघडली. त्याने तीन पाने शांतपणे वाचली. मग फोन तपासून म्हणाला, "काका, बॅटरी ठणठणीत आहे."

"मग हा व्हायरस."

"व्हायरस इतका वक्तशीर नसतो हो. दोनला येतो, तीनला जातो. रविवारी?"

"रविवारीसुद्धा."

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बायको. तिला बटणाचाच फोन धड येत नाही."

तो भिंग वर सरकवून म्हणाला, "तुम्ही एक करा. दुपारी झोपायच्या आधी शंभर टक्के भरत जा. बाकी काही करू नका."

"म्हणजे चोराला जेवायला वाढू?"

"असंच समजा." मग म्हणाला, "पटत नसेल तर बसस्थानकाच्या मागे एक ताई बसतात. अशी अवघड कामं आम्ही सगळे त्यांच्याकडेच धाडतो. पत्ता देऊ?"

मी पत्ता घेतला नाही. मला पत्ता माहीत आहे.

या विषयावर वहीत लिहायचे नाही असे ठरवले होते, पण नोंद अर्धी ठेवणे माझ्याने होत नाही. ती माझी मुलगी. परीक्षा देऊन, स्वतःच्या गुणांवर आमच्याच खात्यात इंजिनियर झाली होती. कायमची नोकरी. तीन वर्षांनी राजीनामा दिला आणि मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढले. दुकान कसले, टपरीला दार लावलेले. मी म्हटले, "लोकांच्या फुटक्या काचा बदलायला तुला शिकवलं?" ती म्हणाली, "बाबा, मला ते काम आवडतं." मी म्हटले, "दुकान बंद करशील तेव्हाच या घरात फोन कर." तिने "बरं" म्हटले आणि गेली. त्याला दीड वर्ष झाले. तिचा नंबर मी माझ्या तेव्हाच्या फोनमधून पुसला. माझा लाल मुठीचा टेस्टरही त्याच सुमारास घरातून नाहीसा झाला, तो हिने कुठे ठेवला ते अजून सांगत नाही.

पोरीने स्वतः फोन केला असता तर मी उचलला असता की नाही, हे मला सांगता येत नाही. ती माझ्यावर गेली आहे. करणार नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

जप्ती. दुपारी पावणेदोनला फोन विमानातल्यासारखा मुका केला, लोखंडी कपाटात ठेवला, किल्ली बनियनच्या खिशात. कपाटाच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली. त्यावर सही, तारीख, वेळ.

तीनला पट्टी शाबूत. फोन: एक टक्का उतरला. एक!

हिला आनंदाने सांगितले, ग्रुपवरही कळवले. "छान," म्हणाली. आता फोन दिवसभर कपाटातच ठेवायचा.

१५ सप्टेंबर, रविवार

चौथा दिवस. फोन चार दिवसांत अकरा टक्केच उतरला. ग्रुपवर माझे नाव गाजते आहे म्हणे. आमच्या निवृत्त कर्मचारी संघाच्या अध्यक्षांनी बुधवारी माझे व्याख्यान ठेवले आहे, "बॅटरी बचत: एक अनुभव". हे मला अध्यक्षांनी घरी येऊन सांगितले, कारण फोन लागत नव्हता. चार दिवसांत कोणाचाही फोन आला नाही. अर्थात येणे शक्यच नव्हते.

हिची तब्येत बरी दिसत नाही. दुपारी मी उठतो तेव्हा ही त्या टेबलापाशी खुर्चीत नुसती बसलेली असते. टेबलावर काही नसते. विचारले तर म्हणते, "बसलेय." जेवणही अर्धेच. हवेतला बदल असावा.

आज दुपारी मी आडवा होणार एवढ्यात म्हणाली, "कपाटाची किल्ली द्याल?"

"कशाला?"

"स्वेटर काढायचा होता."

बाहेर अंगाची लाही होते आहे. तरी मी स्वतः सील तोडून चार स्वेटर काढून पलंगावर ठेवले आणि नवी पट्टी लावली. हिने एकालाही हात लावला नाही. मग म्हणाली, "राहू दे. फार काही थंडी नाही." आणि आत गेली. पाठमोरी असताना तिला मागून हाक मारून उपयोग नसतो, नाहीतर काय झाले ते मी विचारले असते.

१८ सप्टेंबर, बुधवार

व्याख्यान दणक्यात झाले. सत्तेचाळीस माणसे, त्यांतली दोनच झोपली. मी वही वाचून दाखवली. शेवटी फोन हात उंच करून दाखवला: आठवडाभर चार्ज न करता पंच्याऐंशी टक्के! टाळ्या पडल्या. मी म्हटले, "मित्रहो, दिव्याखाली अंधार असतो. गळतीचे कारण नेहमी घरातच असते. माणूस गावभर शोधतो." हे वाक्य लोकांनी लिहून घेतले.

प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतले आमचे एक जुने लाइनमन उठले. "साहेब, सगळं पटलं. फक्त मग फोन वापरायचा कधी?"

"गरज पडेल तेव्हा."

"आणि कोणाला आपली गरज पडली तर? त्याला लागणार कसा?"

लोक हसले. त्यांना म्हटले की हा प्रश्न विषयाला धरून नाही. पण ते बसले नाहीत. "आणि साहेब, चोर कोण निघाला शेवटी?"

मी म्हटले, चोरी थांबली हे महत्त्वाचे. ते म्हणाले, "तुम्हीच आम्हाला शिकवलंत की चोर सापडल्याशिवाय उठायचं नाही." आणि मग बसले.

हार-शाल घेऊन घरी आलो. हिला शाल दाखवली. ही हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचले नाही. एकतीस वर्षांत मी हिला इतकी गप्प एकदाच पाहिले आहे, दीड वर्षापूर्वी. मला आता भीती वाटते आहे, पण कशाची ते कळत नाही. आणि चोर तेवढा सापडलेला नाही, हेही खरे. उद्या सापळा.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सील तोडले. फोनमधले सगळे पुन्हा सुरू केले. जेवताना हिला तोंड दिसेल असे सांगितले, "आज फोन टेबलावर ठेवतोय. तपासासाठी." हिने ताटावरून मान वर केली. मला वाढायला उठली आणि काय वाढायचे ते विसरून परत बसली.

दोनला पलंगावर आडवा झालो, टेबलाकडे तोंड करून, डोळे मिटून. दोनला आमच्या इमारतीची पाण्याची मोटर सुरू होते आणि वीस मिनिटे घरघरत राहते, त्यामुळे माझी हालचाल झाली तरी ऐकू जाण्याची भीती नव्हती. झोप येऊ नये म्हणून मांडीला चिमटा घेऊन होतो. पाच मिनिटांत पावले वाजली. पावले ओळखीची होती. खुर्ची न ओढता उचलून ठेवली गेली. एकदा टूं टूं झाले आणि मग:

"आई! अगं आठ दिवस! मला वाटलं काय झालं काय तुम्हा दोघांना!"

दीड वर्षाने तो आवाज ऐकला.

"कपाटात घातला होता फोन," ही म्हणाली. हिला वाटते आपण कुजबुजतो. हिची कुजबुज जिन्यापर्यंत जाते. म्हणजे हे रोज माझ्या उशाशी, या आवाजात चालले होते आणि मी... दुपारी गाढ झोप लागत नाही असे मी दुसऱ्याच नोंदीत लिहिले आहे. ते खोडत नाही. नोंद खोडायची नसते.

"सील लावून?"

"सही करून."

"तारीख, वेळ?"

"सगळं." पोरगी हसत सुटली. तिच्या हसण्यात ही पण हसली. आठ दिवसांनी मनापासून हसली.

"रिपोर्ट काय आला बाबांचा?"

"साखर थोडी वाढलीय."

"मग चहातली अर्धी कर. सांगू नकोस हं त्यांना. सांगितलंस तर चमचे मोजून नोंद ठेवतील."

मी एक डोळा किंचित उघडला. हिच्या खांद्यावरून पडदा दिसत होता. पोर वाळली आहे. केस वर बांधलेले, बाजूला दिवा, मागे फळीवर सुटे केलेले फोन. आणि पेल्यात स्क्रू-ड्रायव्हरांच्या बरोबर माझा लाल मुठीचा टेस्टर. मुद्देमालासह चोर समोर होता.

"आज एक बाई आल्या," ती सांगत होती, "फोन सारखा उतरतो म्हणून. मी म्हटलं, आधी सगळं बंद करू, मग चकती बघू. त्या म्हणतात, फोनमध्ये कुठं असते चकती? मी म्हटलं, फोनमध्ये नसते, आमच्या बाबांची आहे. आई, सापडलं गं शेवटी. दोन तास लागले, पण उठले नाही मी."

तेवढ्यात मोटर बंद पडली. खोली एकदम शांत झाली. डोळा मिटून घेतला.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबांचं घोरणं येत नाहीये."

"काय?"

"घो-र-णं."

खुर्ची करकरली. ही वळून माझ्याकडे बघत असणार. आता उठून बसायचे आणि म्हणायचे, "सापडलात." चौतीस वर्षे मी हे वाक्य म्हणत आलो, त्याची चव मला माहीत आहे. मी म्हटले असते. हिने फोन ठेवला असता, पोरीने पलीकडून बंद केला असता, आणि माझे बरोबर ठरले असते. माझे नेहमी बरोबरच ठरत आले. वीज तोडून मी निघून गेल्यावर त्या घरांत अंधार असायचा, तो बघायला मी कधी थांबलो नाही.

मी घोरलो.

पहिला प्रयत्न अगदीच फसला, पाटावरवंटा ओढल्यासारखा आवाज आला. दुसरा बरा होता. तिसऱ्याला लक्षात आले की पलंगही हलायला हवा. तोही हलवला. आयुष्यात खोटा पंचनामा केला नव्हता, तो आज स्वतःच्या नाकाने केला.

"हं, आलं," पोरगी म्हणाली. पलीकडे हातातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आई, आज काहीतरी वेगळंच घोरतायत." आवाज तिचा जरा जड वाटला, सर्दी असावी.

"काय?"

"काही नाही. घोरू दे."

नोंद: दोन वाजता ब्याऐंशी, तीन वाजता चव्वेचाळीस. शेरा उद्या लिहितो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी एकलाच हिने आपणहून माझा फोन चार्जरला लावला आणि शंभर होईपर्यंत तिथेच उभी राहिली. टेबलही हातभर सरकवलेले दिसले, खुर्ची बाजूला, मधे काही आड येणार नाही असे. "इथं वारा चांगला येतो," ही म्हणाली. टेबलाला वारा कशाला हवा, ते मी विचारले नाही.

जेवण झाल्यावर दाढी केली, केस विंचरले आणि निळा इस्त्रीचा शर्ट घातला. ही बघत राहिली. "झोपायला इस्त्रीचा शर्ट?"

"बाकीचे मळलेत."

बाकीचे हिनेच काल धुऊन घड्या करून ठेवले होते. हिने कॉलर तेवढी नीट केली.

दोनला आडवा झालो, टेबलाकडे तोंड करून. आज मोटर बंद व्हायची वाट बघितली नाही, पहिल्यापासूनच सुरू केले. तासभर, न थांबता.

नोंद: दोन वाजता शंभर, तीन वाजता त्रेसष्ट. शेरा: मंजूर भार.

घसा पार बसला आहे. संध्याकाळी मी काही न सांगता ही कोमट पाण्यात मीठ घालून घेऊन आली. पेला हातात देत म्हणाली, "उद्यापासून जरा हळू घोरा. तिला माझं बोलणं ऐकू जात नाही."

मी गुळण्या करत होतो, त्यामुळे उत्तर देता आले नाही.